खडपावरच्या स्पून जिगिंगसाठी ३० पौंडी ब्रेडेड दोरी आणि तिच्याबरोबरचे सामान: एका हंगामाचा अनुभव

सफिक्स ८३२ ही ३० पौंडी (म्हणजे ३० पौंड ओढ सोसणारी) ब्रेडेड, म्हणजे अनेक धाग्यांची विणलेली, दोरी मी गेल्या ऑक्टोबरात घेतली आणि मे महिना संपेपर्यंत मालवण, देवबाग आणि निवती यांच्या समोरच्या खडपांवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, ती सतत वापरली. वापर एकाच प्रकारचा होता. होडी खडपावर वाहत सोडायची, ४० ते ६० ग्रॅम वजनाचा धातूचा स्पून (चमकणारे खोटे आमिष) थेट तळापर्यंत सोडायचा, तळ लागला की रॉडच्या टोकाने तो हातभर उचलायचा आणि पुन्हा पडू द्यायचा. उचललेला स्पून पडताना पान गळावे तसा डुलत, चकाकत खाली जातो आणि गोब्रा असो, तांबोशी असो की सुरमई, मासा बहुतेक वेळा या पडण्याच्या क्षणीच त्यावर झडप घालतो. त्यामुळे दोरी, गाठी, कड्या आणि गळ या सगळ्यांची पारख मी दोनच गोष्टींवरून केली आहे. स्पून मोकळा पडतो का, हे मी पाहतो, आणि तो पडत असताना बसलेला हलका ठोका हातापर्यंत पोहोचतो का, हेही पाहतो.

या कसोटीवर माझे मत आधीच सांगतो. दोरी घेताना पौंडाचा आकडा पाहण्याआधी तिची जाडी पाहावी, कारण जिगिंगमध्ये आपण पैसे मोजतो ते बारीकपणासाठी.

हे कळायला मला बराच काळ लागला. कित्येक वर्षे मी अर्ध्या मिलिमीटरहून जाड तंगूस (नायलॉनची एकसंध दोरी) वापरत होतो आणि ब्रेडेड दोरीकडे वळलो तेव्हाही मोठा मासा तोडून नेईल या भीतीने ६५ पौंडी दोरी रिळावर भरली. भांगाच्या दिवसांत, पाणी जवळपास थांबलेले असताना, त्या दोरीने काम भागत असे. पण उधाण जवळ आले आणि पाण्याला ओढ लागली की स्पून होडीखाली न पडता तिरका मागे जाई, तळ लागल्याचे कळत नसे आणि मग आणखी जड स्पून लावावा लागे. आमच्या होडीचे तांडेल स्वतः हातदोरीने गरवतात. त्यांनी एकदा माझी तिरकी गेलेली दोरी पाहून शांतपणे सांगितले, "दोरी जाड असली म्हणान मासो गावता असा नाय." त्या रात्री घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला, तो असा. पंधरा वाव पाण्यात, म्हणजे सुमारे २७ मीटर खोलीवर, ०.५५ मिलिमीटर जाडीची तंगूस सोडली तर पाण्याच्या ओढीसमोर त्या दोरीची सुमारे १५० चौरस सेंटिमीटर बाजू उभी राहते, जाडी ०.२८ मिलिमीटर असेल तर तीच बाजू सुमारे ७५ चौरस सेंटिमीटर होते. आणि सात सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद स्पूनची स्वतःची बाजू जेमतेम १४ चौरस सेंटिमीटर असते. याचा अर्थ पाणी ओढते ते मुख्यतः दोरीला आणि स्पून बिचारा तिच्यामागून फरफटत जातो. दोरी निम्मी बारीक केली की पूर्वी ज्या पाण्यात ८० ग्रॅम लावावे लागत, त्याच पाण्यात माझा ४० किंवा ६० ग्रॅमचा स्पून सरळ उतरू लागला, आणि हलका स्पून जडपेक्षा कितीतरी अधिक डुलतो हे ज्याने उथळ पाण्यात डोळ्यांनी पाहिले आहे त्याला पटवून द्यावे लागत नाही.

आता दोरीविषयी. सफिक्स हा फिनलंडच्या रापाला समूहाचा ब्रँड आहे आणि ८३२ हे नाव दोरीच्या विणीवरून आले आहे: आठ पदर आणि एका इंचात ३२ विणी. या आठांपैकी सात पदर अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीन धाग्याचे असून आठवा गोअर कंपनीच्या धाग्याचा आहे. पॉलिथिलीनचा हा प्रकार बाजारात डायनीमा आणि स्पेक्ट्रा या नावांनीही ओळखला जातो. चार पदरी दोरीवरून बोट फिरवले तर करवतीसारखी खरखर लागते. या दोरीवरून फिरवले तर वीण गोल आणि भरीव लागते आणि रॉडच्या कड्यांतून ती जाताना फारसा आवाज करत नाही. पहाटेच्या शांत पाण्यात हा फरक कानांना लगेच जाणवतो. खडपाला घासण्याच्या बाबतीत चार पदरी दोरी जरा अधिक सोसते असा अनेकांचा अनुभव आहे, कारण तिचा एकेक पदर जाड असतो. पण ज्या भागाला खडप लागण्याची भीती असते तिथे लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाला जोडलेला वेगळ्या दोरीचा तुकडा, असतोच, तेव्हा मी गुळगुळीतपणाला झुकते माप दिले.

ब्रेडेड दोरीचा दुसरा मोठा गुण म्हणजे ती जवळजवळ ताणत नाही. तंगूस ताणली जाते आणि पंधरा वाव पाण्यात आपण रॉड हातभर उचलला तरी त्यातला मोठा हिस्सा ताणण्यातच खर्च होतो. खाली स्पून वीतभरच हलतो. ब्रेडेड दोरीत वर जेवढा हात उचलाल तेवढाच स्पून उचलला जातो आणि तळाला स्पून टेकला तो वाळूला टेकला की खडपाला, हेही मुठीत कळते. पण याच गुणाची एक किंमत आहे. ताण सोसायला दोरीत काही उरत नाही, म्हणून तो भार रॉडच्या लवचीकपणावर आणि रिळाच्या ड्रॅगवर (ओढ वाढली की दोरी सुटू देणाऱ्या ब्रेकवर) येतो. ताठ रॉड आणि घट्ट ड्रॅग यांच्या जोडीने ही दोरी वापरली तर माशाचे तोंड फाटते किंवा गाठ जाते, आणि दोष मात्र दोरीला दिला जातो.

रंग उतरण्याची तक्रार पुष्कळ जण करतात. पॉलिथिलीन रंग आत शोषून घेत नाही, तो वरवर बसतो, त्यामुळे कोणतीही ब्रेडेड दोरी काही महिन्यांत फिकी पडतेच. माझ्या हिरव्या दोरीचा पुढचा भाग मार्चपर्यंत पांढुरका झाला होता. ताकदीत त्यामुळे काही फरक जाणवला नाही. खरा इशारा रंगाचा नसून लव सुटण्याचा असतो. दोरी उजेडासमोर धरली असता तिच्या अंगावर बारीक केसांसारखी लव दिसू लागली तर तेवढा भाग कापून टाकावा. मी हंगामात दोनदा मिळून बारा मीटरच्या आसपास दोरी कापली.

रिळावर दोरी भरताना दोन गोष्टींत चूक होते आणि त्या दोन्ही पुढे भोवतात. ब्रेडेड दोरी गुळगुळीत रिळावर थेट गुंडाळली तर ती घट्ट दिसते, पण मोठ्या ओढीला सगळी गुंडाळी एकसंध फिरते आणि ड्रॅग बिघडल्यासारखे वाटते. म्हणून तळाशी आठ-दहा मीटर तंगूस आधी गुंडाळावी. शिवाय दोरी ओल्या फडक्यातून ताणत भरावी. सैल भरलेल्या दोरीत वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो आणि नेमका मासा पळत असताना अडकतो. जिगिंगमध्ये स्पून पडताना दोरी सारखी सैल सुटते, त्यामुळे हा रोग मासेमारी चालू असतानाही जडतो. दर अर्ध्या तासाला दोरी थोडी बाहेर सोडून चिमटीतून ताणत परत गुंडाळण्याची सवय मी लावून घेतली आहे.

लीडरसाठी मी ४० पौंडी फ्लुरोकार्बन वापरतो, साधारण दीड मीटर. फ्लुरोकार्बनची मासेमारीची दोरी जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये प्रथम आणली आणि सीगार या नावाने ती आजही मिळते. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक सुमारे १.४२ आहे, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणून तो पाण्यात कमी दिसतो असे म्हणतात, आणि ते बरोबर आहे, पण पाण्यात तो अदृश्य होतो हे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. माझ्या लेखी त्याचा खरा उपयोग दुसराच आहे. तो कडक आणि खडपाला घासून सहज न तुटणारा आहे, आणि स्पून उलटा डुलला तरी मऊ ब्रेडेड दोरीसारखा गळांना विळखा घालत नाही. लीडर न लावता थेट ब्रेडेड दोरीला स्पून बांधून पाहिलेल्या कोणालाही हा विळखा ओळखीचा असेल: स्पून वर आल्यावर दोरी मागच्या तिपाखी (तीन टोकांच्या) गळाला अडकलेली असते आणि इतका वेळ आपण उलटा लटकलेला धातूचा तुकडा खालीवर करत होतो हे तेव्हा समजते.

दोरी आणि लीडर यांच्या जोडाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, आणि या आढाव्यात त्याला सर्वांत जास्त जागा दिली तर ती वाया जाणार नाही. सुरुवात करणाऱ्याने दुहेरी युनी गाठ शिकावी: ब्रेडेड बाजूला आठ वेढे, लीडरच्या बाजूला चार किंवा पाच. ही गाठ हलत्या होडीतही बांधता येते आणि ती भरवशाची आहे. पण तिच्यात लीडर स्वतःवर दुमडला जातो, त्यामुळे ४० पौंडी लीडरच्या गाठीचा गठ्ठा रॉडच्या कड्यांत टकटक आपटत जातो. एफजी नावाच्या दुसऱ्या गाठीत लीडर सरळच राहतो आणि ब्रेडेड दोरी त्याच्याभोवती आळीपाळीने दोन्ही बाजूंनी विणत जाते. मी वीस वेढे घेतो. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसला पाहिजे, एकावर एक चढता कामा नये, आणि संपूर्ण विणकाम होईपर्यंत दोरीवरचा ताण क्षणभरही सैल होता कामा नये. मी दोरीचे एक टोक दातांत आणि दुसरे रॉडच्या दांड्याला अडकवून ठेवतो. वेढे पूर्ण झाले की दोन अर्ध्या गाठी मारून जोड पाण्याने ओला करायचा आणि हाताला फडके गुंडाळून सावकाश, पण पूर्ण जोर लावून ओढायचा. ओढताना दोरीचा रंग गाठीपाशी अचानक गडद होतो आणि वेढे लीडरच्या अंगात किंचित रुतलेले दिसतात. हा रंगबदल दिसला नाही तर गाठ बसलेली नाही असे समजावे आणि ती कापून पुन्हा बांधावी. सगळी गाठ घरी, दिव्याखाली आणि टेबलावर बांधून जाणे उत्तम.

गाठ ओली करण्याचा सल्ला सगळेच देतात, पण त्याचे कारण फारसे कोणी सांगत नाही. कोरडी गाठ ओढताना घर्षणाने तापते आणि त्या उष्णतेने लीडरचा पृष्ठभाग खराब होतो. नखाने चाचपले तर तिथे तो वेडावाकडा लागतो. पॉलिथिलीनचा वितळबिंदूही कमीच आहे. जी गाठ डोळ्यांना नीट दिसते आणि पहिल्याच ओढीला सुटते, तिच्यात पुष्कळदा हेच झालेले असते.

घरी गाठींची तुलना करायची असेल तर एक साधा उपाय आहे. वीतभर दोरीच्या एका टोकाला एक गाठ, दुसऱ्या टोकाला दुसरी गाठ बांधावी, दोन्ही टोकांना कड्या अडकवाव्यात आणि हातमोजे घालून कडीला लावलेल्या दांड्याने ओढत राहावे. जी गाठ आधी जाते ती हरली. अशा चाचणीत जुनी, पाच पिळांची क्लिंच गाठ ब्रेडेड दोरीवर बहुतेक वेळा तुटण्याऐवजी सरकून सुटली, आणि पालोमार गाठ जवळपास प्रत्येक वेळी टिकली. मात्र पालोमार गाठीत दोरीचा फास पुढच्या वस्तूवरून पूर्ण ओवून घ्यावा लागतो. तिपाखी गळ लावलेल्या स्पूनवर हे करणे बोटांना धोक्याचे असते, म्हणून ती आधी मोकळ्या स्विव्हलला (स्वतःभोवती फिरणाऱ्या जोडकडीला) किंवा कडीला बांधावी आणि स्पून नंतर लावावा. जाड फ्लुरोकार्बनवर ती नीट बसत नाही, दोन पदर एकमेकांवर चढतात; तिथे पाच वेढ्यांची साधी युनी गाठ मी पसंत करतो.

आता कड्यांकडे येतो, कारण या हंगामातला माझा एकमेव मोठा मासा मी कडीमुळे गमावला. दुकानातून सुटी घेतलेली, वेष्टनावर नाव नसलेली स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वेढ्यांची कडी) मी स्पूनला लावली होती. निवतीच्या बाहेर मासा लागला, दोन वेळा त्याने तळाकडे धाव घेतली, दोरी टिकली, जोड टिकला, आणि मग अचानक सगळे हलके झाले. वर आला तो फक्त लीडर, आणि त्याच्या टोकाला ती कडी, वेढे उलगडून लांबट झालेली. स्पूनसकट मासा गेला होता. ती कडी मी अजून सामानाच्या डबीत ठेवली आहे. चांगली स्प्लिट रिंग चपटी, दाट वेढ्यांची असते आणि नखाने उघडत नाही. तिला कडी उघडायची खास पक्कडच लागते. साखळीत सर्वांत स्वस्त वस्तू कडी असते आणि लोक काटकसरही तिच्यातच करतात, हे मला फार चुकीचे वाटते.

माझी सध्याची मांडणी अशी आहे. लीडर एका अखंड, सांधा नसलेल्या कडीला बांधायचा. त्या कडीत मजबूत स्प्लिट रिंग. आणि त्या स्प्लिट रिंगमध्ये स्पून व असिस्ट गळ दोन्ही. लीडर स्प्लिट रिंगला थेट बांधला तर गाठ सरकत सरकत वेढ्यांच्या तोंडाशी येते आणि तिथल्या धारेने कापली जाते. स्पूनच्या भोकातही लीडर थेट बांधू नये, कारण ठोकून पाडलेल्या भोकाची कडा ब्लेडसारखी असू शकते. असिस्ट गळ म्हणजे मजबूत विणलेल्या दोरीच्या छोट्या तुकड्यावर बांधलेला एकेरी गळ. तो स्पूनच्या वरच्या टोकाला लटकतो. खडपावर मी मागचा तिपाखी गळ काढूनच टाकतो, कारण तळाला आधी टेकते ते मागचे टोक, आणि अडकतो तो मागचाच गळ. वरच्या एकेरी गळाला मासाही चांगला लागतो आणि धातूच्या वजनाच्या तरफेने तो सुटण्याची शक्यताही कमी असते. दोरीचा तुकडा एवढाच असावा की गळ स्पूनच्या वरच्या निम्म्या भागात राहील. लांब ठेवला तर तो शेपटीच्या कडीत अडकतो. गळाचा बाक स्पूनच्या रुंदीपेक्षा मोठा असावा, नाहीतर टोक धातूलाच टेकून राहते.

डुलणारा स्पून स्वतःभोवती फिरतो आणि दोरीला पीळ घालतो. वाकलेल्या, रुंद स्पूनला मी अखंड कडीच्या जागी छोटे बेअरिंगचे स्विव्हल लावतो. सरळ, सडपातळ स्पूनला त्याची गरज भासली नाही. स्विव्हल मोठे असू नये. हलक्या स्पूनच्या डोक्याशी अडगळ झाली की त्याचे डुलणे मंदावते, आणि मग बारीक दोरी घेऊन मिळवलेले सगळे हातचे जाते.

सुरमई असेल तेव्हा हा सगळा विचार थोडा बदलतो. तिचे दात फ्लुरोकार्बन एका चाव्यात कापतात. १० ते १५ सेंटिमीटर बारीक पोलादी तार लावली तर स्पून वाचतो, पण त्याची चाल काहीशी ताठ होते, आणि तार लावलेली असताना गोब्रा आणि तांबोशी माझ्याकडे कमी आले. म्हणून तार मी सुरमईचा थवा दिसला तरच लावतो.

ड्रॅग मी अंदाजाने लावत नाही. घरात मासे तोलायचा स्प्रिंगचा हातकाटा आहे, त्याच्या आकड्याला दोरी बांधून रॉड वाकवून ओढतो आणि रीळ साडेतीन किलोच्या आत सुटेल असा ड्रॅग बसवतो. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोंहून किंचित जास्त आणि त्याचा एक चतुर्थांश हा हिशेब गाठीसाठी पुरेशी जागा ठेवतो. ज्यांना ३० पौंडी दोरी बारीक म्हणून धास्ती वाटते त्यांनी हा प्रयोग जरूर करावा. काट्यावर पाच किलो ओढून पाहिले की रॉड कुठवर वाकतो आणि मनगटाला किती रग लागते ते कळते, आणि मग ६५ पौंडांची गरज वाटेनाशी होते.

खडपात अडकलेली ब्रेडेड दोरी उघड्या हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. ती सुरीसारखी कापते, आणि ओल्या हाताला तर कापल्याचे आधी कळतही नाही. होडीत मी झाडूच्या दांड्याचा वीतभर तुकडा ठेवतो, त्याला चार वेढे देऊन ओढतो. कापलेली तुटकी दोरी पाण्यात टाकू नये हे सांगायला हवे. ती कुजत नाही आणि खडपाच्या फटींत वर्षानुवर्षे राहते. आमच्या होडीत त्यासाठी झाकणाची एक बाटली कायम बांधलेली असते.

स्पून आणि कड्या मी प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतो आणि सुकल्याशिवाय डबीत ठेवत नाही, कारण एका गंजलेल्या गळाचा गंज सगळ्या डबीत पसरतो. दोरीला मात्र खाऱ्या पाण्याचे भय नाही, तिला भय उन्हाचे आणि वाळूचे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मी रिळावरची सगळी दोरी काढली आणि दुसऱ्या टोकाने परत भरली. तीनशे मीटरांपैकी जेमतेम साठ मीटरच पाण्यात उतरली होती. आतल्या थरांवरचा हिरवा रंग अजून तसाच गडद होता आणि वीण बोटाला नव्यासारखी भरीव लागली. ऑगस्टमध्ये समुद्र निवळला की याच दोरीचे ते कोरे टोक पहिल्यांदा पाण्यात जाईल.